पंधरावं माणूस

"आधी कान बघायचे," टेलरबाई म्हणाल्या. "चेहरा वाळतो, केस जातात. कानाची ठेवण मात्र मरेपर्यंत तीच."

शेजारचा इस्त्रीवाला हसला. "बाई, लोकांच्या शर्टाची बटणं सापडत नाहीत तुम्हाला, आणि माणसं शोधायला निघालात! नुसत्या लष्कराच्या भाकऱ्या."

"भाजते. तुला थापायला बसवलंय का?"

दुपारी दोन ते चार दुकान बंद असे. तेवढ्या वेळात त्या मोबाइलवर एका संस्थेची हरवलेल्यांची वेबसाइट उघडून बसत. एकीकडे घरच्यांनी टाकलेले फोटो, दुसरीकडे निवारागृहांतून आलेले. तीन वर्षांत त्यांनी चौदा जणांची घरच्यांशी गाठ घालून दिली होती. एक आजोबा अकरा वर्षांनी घरी गेले आणि पहिल्याच दिवशी सुनेशी भांडले. सुनेनंच ते रडत-हसत फोनवर सांगितलं.

संस्थेचा नियम होता, सज्ञान माणूस परतायला तयार नसेल तर घरी फक्त खुशाली कळवायची, पत्ता द्यायचा नाही. बाईंचा स्वतःचाही एक नियम होता. माणूस सापडलं की घरच्यांना एक दिवससुद्धा ताटकळत ठेवायचं नाही.

पंधराव्या फोटोला तो मोडला.

एकोणीस वर्षांची मुलगी, बावीस वर्षांपूर्वी भांडून घर सोडलेली. शोधणारी, आई. फोटोत कान केसांखाली झाकलेले होते, तरी बाईंनी क्षणात ओळखलं. आणि चार दिवस फोन केला नाही. कात्री धड चालेना. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली गेली.

पाचव्या दिवशी त्यांनी शटर आतून ओढून घेतलं, घोटभर पाणी घेतलं आणि नंबर लावला.

"मी संस्थेतून बोलतेय. तुमच्या मुलीचा पत्ता लागलाय. सुखरूप आहे."

पलीकडून एक थकलेला आवाज आला. "कुठं आहे?"

"ते सांगता येणार नाही. तिची तयारी नाही."

"पोटापाण्याचं काय करते?"

"स्वतःचं दुकान आहे. बरं चाललंय."

"अजून रागावलीय माझ्यावर?"

चौदा घरांना बाईंनी या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. आज शब्द चाचपावे लागले. "राग नाही. तोंड कसं दाखवू, म्हणते."

"वेडी आहे."

"काही निरोप असेल तर सांगा. पोचवते मी."

नाक ओढल्याचा आवाज आला.

"निरोप कसला गं? बावीस वर्षांनी आईला फोन केलास, आता ठेवायची घाई करू नकोस."