कापसातली कादंबरी

व्यापाऱ्याचा टेम्पो अंगणात शिरला तशी मोनाली कापसाच्या खोलीकडे धावली. भाव वाढेल म्हणून खोलीत आढ्यापर्यंत भरलेल्या कापसात तिनं कॉलेजात अभ्यासाला लावलेली कादंबरी लपवली होती. नवऱ्याचं घर सोडून गेलेल्या बाईची ती गोष्ट एकेकाळी लोकांनी जाळली होती. वाचताना मोनालीला आधी त्या बाईचा राग आला, मग हेवा वाटला. “असलं पुस्तक घरात दिसलं, तर धुळ्याचं कॉलेज बंद,” वडिलांनी, आबांनी बजावलं होतं. आता तेच आबा दारात उभं राहून मजुरांना घाई करत होते. ढीग उतरत गेला, तशी ती प्रत्येक पाटीत डोकावत राहिली. कोपरानकोपरा झाडून निघाला, पुस्तक नव्हतंच. टेम्पो गेल्यावर भाकरी थापणारी आई मान वर न करता, पिठाच्या डब्याकडे बोट करून अहिराणीत कुजबुजली, “पुस्तक पीठना डबामा शे. मी अर्धंच वाचं. इतलंच सांग, ती बाई घर परत येस का?”