भिंतीवरचं नाव

"फोटो जरा तिरका लागलाय, मॅडम," म्हणत प्राचार्य तोंग स्वतःच स्टुलावर चढले.

"राहू द्या हो," डॉक्टर वेई सूलान हसली. "बावीस वर्षं त्याच्यावाचून शाळेचं काही अडलं नाही."

शाळेत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर तिचा फोटो होता आणि खाली सोनेरी अक्षरं: वेई सूलान, या तालुक्यातून बेजिंगच्या विद्यापीठात गेलेली पहिली मुलगी. कुठलं विद्यापीठ, हे हेनान प्रांतातल्या पोरांना सांगावं लागत नाही. हजारो मुलं परीक्षेला बसतात आणि प्रवेशाचं पत्र येतं एखाद्याच घरी.

शाळा तिला दरवर्षी बोलवायची. दरवर्षी तिचं एखादं ऑपरेशन आडवं यायचं. यंदा मात्र तिने लगेच होकार कळवला होता. झेंगझौच्या मोठ्या इस्पितळात ती आता हृदयविभागाची प्रमुख होती. माणसाची छाती उघडताना जिचा हात कापत नाही, ती पोरांपुढे बोलायला कशाला कचरेल?

"आमचे गणिताचे माओ सर कसे आहेत?" चहा घेता घेता तिने सहज विचारलं.

"गेले हो, मागच्या हिवाळ्यात. तुमच्या वेळचं आता कोणीच उरलं नाही शाळेत."

"अरेरे," ती म्हणाली आणि उरलेला चहा एका घोटात संपवून उठली.

चाळीस मिनिटं ती हातात कागद न घेता बोलली. पोरं हसली, गप्प झाली, पुन्हा हसली.

"वीटभट्टीवरच्या मजुराच्या पोरीला तिथे प्रवेश मिळतो," शेवटी ती म्हणाली, "मग तुम्हाला का मिळू नये?"

टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. केस बारीक कापलेले, नजर थेट.

"आणि पत्र आलंच नाही तर?"

"मेहनत खरी असेल तर येतं," डॉक्टर म्हणाली. "नाही आलं, तर आपण कुठे कमी पडलो ते शोधायचं आणि पुन्हा परीक्षेला बसायचं."

"पुन्हा बसवायची घरच्यांची ऐपत नसेल तर?"

सभागृहात खसखस पिकली. डॉक्टरने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"मग जे काम मिळेल ते मन लावून करायचं. त्यातही मान असतो, बाळ."

पुन्हा टाळ्या. त्या मुलीने काही टाळ्या वाजवल्या नाहीत.

नंतर सह्यांसाठी झुंबड उडाली. सगळ्यांत शेवटी तीच मुलगी आली, सोबत एका बाईला घेऊन. बाईच्या कमरेला एप्रन तसाच होता आणि बाह्यांना पीठ लागलं होतं.

"ही च्याओ निंग, आमची यंदाची आशा," तोंग सर कौतुकाने म्हणाले. "आणि या तिच्या आई. दक्षिणेत कारखान्यात होत्या, गेल्या वर्षी परतल्या. बसस्थानकाजवळ नूडल्सचं दुकान टाकलंय. एकदा खाऊन बघाच, मॅडम!" एवढं सांगून ते गाडी बोलवायला बाहेर गेले.

"पोरगी आगाऊ आहे, मनावर घेऊ नका," बाई म्हणाली. "माझ्यावरच गेलीये."

"छे, हुशार आहे. हिला कोणी अडवू शकणार नाही."

"नाहीच अडवू शकणार. या खेपेला मी टपाल कचेरीच्या दारातच बसून राहणार आहे."

डॉक्टर दिलखुलास हसली. तिने वही पुढे ओढली. "कुणाच्या नावाने लिहू?"

"आईच्या," निंग म्हणाली. "तुमची सही तिलाच हवीय."

"काय नाव तुमचं, ताई?"

"वेई सूलान," बाई म्हणाली. "वीटभट्टीवरच्या वेईची थोरली."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

"परीक्षा मी दिली होती," बाई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "पत्र तेवढं तुमच्या घरी गेलं. लिहा ना, डॉक्टर. माझं नाव लिहायचा बावीस वर्षांचा सराव आहे तुम्हाला."