दुखरा अंगठा

“अहो, हळू नका दाबू. डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, तरच नस मोकळी होते,” त्रिशलाताई म्हणाल्या. शिवांजलीनं मन घट्ट करून लेकीच्या अंगठ्याचं टोक दाबलं. देवयानीच्या डोळ्यांत पाणी आलं. नस काही मोकळी झाली नाही. समोरच्या पुस्तकातली ओळ तिला आजही वाचता येईना.

तिसरीतली पोर. तोंडी हिशेब विचारा, गोष्ट विचारा, घडाघडा सांगायची. छापील ओळ पुढं आली की तिची बोबडी वळायची. “अक्षरं हलत्यात,” म्हणायची. म्हणून शिवांजली तिला वडूजहून सांगलीला, त्रिशलाताईंच्या ॲक्युप्रेशर केंद्रात आणत होती. अंगठ्याचं टोक म्हणजे मेंदूची जागा, असं ताईंनी सांगितलं होतं. घरीही शिवांजली लेकीच्या अंगठ्यांवर चिकटपट्टीनं मेथीचे दाणे बांधून दाबत बसायची. अंगठा दाबून वाचता आलं असतं, तर गावोगाव शाळा कशाला काढल्या असत्या? पण बुडत्याला काडीचा आधार.

पोर कळवळायची, आईचं काळीज तुटायचं, तरी हात थांबत नव्हता. नवरा, जयराज, फौजेतून सुट्टीवर येणार होता. तोवर पोर वाचायला लागली नाही, तर तो तिला साताऱ्याच्या वसतिगृहात ठेवणार होता. त्यात सासूचं, मनुबाईचं पालुपद रोजचंच. “आमच्या घराण्यात असलं कुणी न्हाई. हे तुझ्या माहेरचं.” शिवांजली खाली मान घालून ऐकून घ्यायची.

“ताई, आजून काय करू?” तिनं पदर डोळ्यांना लावला. “सांगाल ते करते. पण पोर माझ्याजवळनं जाया नको.”

“जिथं दुखतं तिथंच दोष असतो,” ताई म्हणाल्या. “चांगल्या माणसाला काही होत नाही. बघा, तुमचाच हात द्या.”

त्यांनी लाकडी कांडी शिवांजलीच्या अंगठ्यावर टेकवून दाबली. शिवांजली किंचाळलीच.

“अगं बाई!” ताईंना हसू आलं.

“राखेनं भांडी घासून सोललाय जी,” म्हणत तिनं घाईघाईनं हात पदराखाली घेतला. देवयानी मात्र हसली नाही. ती आईच्या पदराकडं बघत राहिली.

स्टँडवर गाड्या लागल्या होत्या. शिवांजलीनं पाट्यांवरून नजर फिरवली आणि नेहमीप्रमाणं शेजारच्या माणसाला विचारलं, “दादा, वडूजला कुठली जाती? चष्मा घरी राहिलाय.” त्यानं बोट दाखवलं.

गाडीत बसल्यावर देवयानीनं आईचा दुखरा अंगठा हातात घेतला. त्यावर हळूच फुंकर घातली.

“आई, आपल्या घरी चष्मा कुठाय गं?”

लग्नाला दहा वर्षं होत आली होती. हे गुपित शिवांजलीनं जयराजला सांगितलं नव्हतं, मनुबाईला कळू दिलं नव्हतं. पोरीचा अंगठा दाबताना तर स्वतःलाही आठवू दिलं नव्हतं. तिनं लेकीच्या अंगठ्यांवरची चिकटपट्टी सोलली आणि मेथीचे दाणे खिडकीतून बाहेर टाकून दिले.

“तुझं बाबा येऊ देत,” ती म्हणाली. “त्यास्नी मीच सांगते.”

“काय?”

“माझी बी अक्षरं हलत्यात, बाय.”