जांभईचा सीन

पडद्यावरच्या कंडक्टरने मंत्र्यासमोर उभं राहून लांबलचक जांभई दिली. पडद्याखाली, दुसऱ्या रांगेत, दिग्दर्शकाच्या आईनेही दिली.

"आई, हा घाबरायचा सीन आहे." शेवटच्या रांगेतून दिग्दर्शक वाकत वाकत तिच्यापर्यंत आला होता.

"घाबरलेच आहे रे. म्हणून काय आलेली जांभई गिळू?"

तिच्या शेजारी मामाने दिली. मामाचं बघून मामीने पदराआड दिली. दिग्दर्शक कपाळाला हात लावून आपल्या खुर्चीवर परत गेला.

त्याच्या सिनेमात परग्रहावरचे लोक केव्हाच येऊन माणसांत मिसळले होते. नळाला पाणी कधी सोडायचं, पोरांनी शाळेत काय घोकायचं, लोकांनी आज कशावरून भांडायचं, सगळं तेच ठरवत. दिसायला अगदी आपल्यासारखे. हसत, शिंकत, कुणी गेलं की मान खाली घालून गप्पही उभे राहत. फक्त समोरच्याची जांभई त्यांना लागत नसे. एवढ्या एका खुणेवर तो बसचा कंडक्टर त्यांना गावभर हुडकत हिंडे. खूण मूळची दिग्दर्शकाच्या आईची. लहानपणी त्याला थोपटताना ती म्हणायची, आईची जांभई बाळाला गेली, बाळाची जांभई चांदोबाने नेली.

आज वितरक हो म्हणाला तर सिनेमा लागणार होता. नाही म्हणाला तर कपाटात जाणार होता, कारण ठोठावायला आता दुसरं दार उरलं नव्हतं. खुर्च्या ओस दिसू नयेत म्हणून दिग्दर्शकाने सकाळी सकाळी सगळं गणगोत उठवून आणलं, आणि तेच त्याच्या मुळावर उठलं. कंडक्टरने तोंड उघडलं की अख्खी रांग तोंड उघडे.

"एखादा तरी धड माणूस आणायला हवा होता," तो बायकोच्या कानाशी कुजबुजला. सिनेमाची कापाकापी, जोडाजोडी सगळी तिनेच केली होती.

"माणसंच आणलीस, हे तर सिद्ध झालं," ती म्हणाली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली. "ते बघ. ते एकटे देत नाहीयेत."

त्यांच्याच रांगेच्या टोकाला वितरक ताठ बसला होता. पडद्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडत होता, सरकत होता. चेहरा तसाच.

"आवडतोय त्यांना," दिग्दर्शक म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याने पाठ टेकली.

बायको वितरकाकडेच बघत राहिली.

दिवे लागले. मामा दचकून जागा झाला आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवू लागला. वितरक उठला, कोटाची घडी सारखी केली, दिग्दर्शकापाशी आला.

"छान झालाय. लावू आपण सगळीकडे. तेवढी जांभई काढा."

"साहेब, जांभई काढली तर लोकांनी त्यांना ओळखायचं कसं?"

"ओळखायचंय कशाला?" वितरक हसला. चांगला मोकळा हसला. "दमूनभागून येतात हो माणसं. पडद्यावर जांभई बघितली की त्यांना वाटेल, आपण कंटाळलोय. बाकी सगळं राहू द्या. परग्रहवाले राहू द्या, मारामारी राहू द्या. एखादं गाणं घालता आलं तर बघा."

दिग्दर्शकाने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

"काढतो," तो म्हणाला.

वितरकाने त्याचा खांदा थोपटला आणि तो गेला. दार मागे-पुढे हलत राहिलं.

"असं बघू नकोस," दिग्दर्शक बायकोवर उखडला. "काय करू मग? कपाटात ठेवून ओवाळत बसू त्याला? एक जांभई ती. जांभईवाचून कुणाचं अडलंय?"

ती ऐकत होती. ऐकता ऐकताच तिला जांभई आली. आवरली नाही, तोंडावर हात धरला नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दिली.

तिची जांभई आईला गेली. आईची मामाला गेली. मामाची मामीला, मामीची दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या बाईला. बाईने झाडू भिंतीला टेकवला, सावकाश, पोटभर जांभई दिली, आणि दिग्दर्शकाकडे पाहिलं.

सगळेच पाहत होते.

त्याने तोंड उघडलं. उघडं ठेवून वाट बघितली.

"येईल रे," आई म्हणाली. "जबडा जरा सैल सोड."