बंदरदेव

"हा देव नाही, असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा, काका. बाकी मी बघतो," सत्यजीत म्हणाला. जुन्या वास्तूंची यादी करायला तो पनवेलच्या जुन्या बंदरावर आला होता.

विठू कोळ्याने मान वळवून पाहिलं. समोर खाडीच्या काठावर गुडघ्याएवढा दगड उभा होता, शेंदराने माखलेला. त्याला नारळ दिल्याशिवाय विठूच्या घरची होडी कधी सुटली नव्हती. आता तिथून रस्ता जायचा होता. पाडायच्या बेकायदा देवळांत बंदरदेवाचा नंबर चौथा लागला होता.

"घाट उतरून बैलांचे तांडे इथवर यायचे, पुढे माल गलबतात चढायचा," सत्यजीतने पुन्हा समजावलं. "त्या गलबतांचे दोर याला बांधत. व्यापारी वाटेची खूण म्हणून नोंद झाली, तर कुणी हात लावणार नाही. देव म्हणालात, तर गेला."

"देव नाय," विठू म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला.

"मग शेंदूर काढायला हवा."

ते काम विठूने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. करवंटीने तो खरवडू लागला आणि त्याची बायको जनी खाली पदर धरून बसली. एक खपलीही तिने मातीत पडू दिली नाही. पुटं निघाली तशी दोरांनी झिजलेली खोल खाच दिसली. सत्यजीत हरखून गेला. देवाला चारचौघांत उघडं केल्यासारखं होऊन विठूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता एक फोटो. काका, दगडावर पाय ठेवून उभे राहा. उंचीही कळेल आणि हा देव नाही, अशी वरच्या साहेबांची खात्रीही पटेल."

जनी ताडकन उठली. "पाडू दे त्याना! पन पाय नको."

"पाडला तं पुनवेला नारल कुनाला देशील?" विठू तिच्यावर खेकसला आणि पाय धुवायला खाडीकडे वळला.

जनीने पदराला गाठ मारली, डोळे पुसले. "थांबा. त्या पान्यात गटार हाय."

पिशवीतली प्यायच्या पाण्याची बाटली काढून तिने ती त्याच्या पायांवर ओतली. विठूने टाचा घासून घासून धुतल्या, खांद्यावरच्या टॉवेलने कोरड्या केल्या. मग सगळा भार डाव्या पायावर घेऊन उजवा पाय त्याने दगडावर टेकवला.