गाडी बंद पडेपर्यंत

गाडी रस्त्यात मध्येच बंद पडायची, पण गॅरेजमध्ये कधीच नाही. डॅशबोर्डवर दिवाही लागत नसे. शेवटी मेकॅनिक हुसेनभाई म्हणाले, "तापेपर्यंत फिरवा. बंद पडली की फोन करा."

लेकीच्या लग्नानंतर यशोधरा नवऱ्यासोबत प्रथमच अशी बाहेर पडली. घरात दोघांचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. धरणाच्या पाण्यावरून सकाळचं धुकं सरकत होतं. तो गुणगुणू लागला. गाडी बंद पडूच नये, असं तिला वाटलं.

पण पुढच्या वळणावर इंजिन गप्प झालं.

"स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा हलतो?" हुसेनभाईंनी फोनवर विचारलं.

"नाही," नवरा म्हणाला.

"मग इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर तापून बंद पडतोय. थंड होऊ द्या, मग इकडे आणा."

दोघं काठावर गप्पा मारत बसली. गाडी सुरू झाल्यावर त्याने विचारलं, "गॅरेजला जायचं?"

"उद्या," ती म्हणाली. "पुन्हा बंद पडली, तर पुन्हा बसू."