मेणाचे थर

जुन्या मेणबत्तीदाण्या जमवणाऱ्याच्या हातात आजींनी ती ठेवली आणि त्याची कळी खुलली. खाणकामगार भिंतीत ठोकायचे तसली, अणकुचीदार टोकाची लोखंडी दाणी.

"आमच्या ह्यांची. रोज रात्री मी लख्ख घासून ठेवायची. त्या दिवशी हे खाणीत उतरले आणि लगेच छत कोसळलं. पुढं ह्यांना बाहेर काढलं, तेव्हा ही मिळाली. तेव्हापासून हिला पाणी लावलेलं नाही. खाणीचे साहेब म्हणाले, क्षणात गेले, त्रास झाला नाही. तुम्ही जाणकार. तुम्हाला काय वाटतं?"

त्यानं दाणी खिडकीशी धरली. मेणावर मेण चढलं होतं. एक मेणबत्ती संपत आली की तिच्यावर दुसरी लावलेली, तिच्यावर आणखी एक. त्यानं मान खाली घातली.

"साहेबांचं बरोबर आहे, आजी. मेणबत्ती पेटली आणि लगेच विझली."

आजींनी दाणी हलकेच परत घेतली.

"तुमच्या आधी आलेलेही हेच म्हणाले," त्या म्हणाल्या. "तेही असेच खाली बघत होते."